दुसऱ्यांच्या मिरच्यांचा विमा

२० मार्च, गुरुवार
मिरच्या कुटायचा डंक आज बसला. मोटार लावून पाहिली, अख्खा गाळा हादरला. ह्यांची फाउंड्रीतली नोकरी गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणी हसलं. पाडव्याला उद्घाटन. कर्ज देणाऱ्या बँकेचा साहेब म्हणतो, त्याआधी विमा काढा.

२१, शुक्र.
दीपक भावजी आले. ह्यांचे मामेभाऊ, विम्याचं काम करतात. आग, पूर, चोरी, धडाधडा सांगत सुटले. सासूबाई आतून म्हणाल्या, "नारळ फुटायच्या आदी आगीची भाषा कशाला?"
मी एकच विचारलं. बायका वर्षाच्या चटणीच्या मिरच्या कुटायला ठेवून जाणार, त्यांचं काय? भावजी म्हणाले, पॉलिसी तुमच्या मालाची. मशीन, मोटार, कढया. लोकांचा माल त्यात येत नाही.
मग आमचा माल आहेच कुठे! डंकावर सगळं दुसऱ्याचंच.

२३, रवि.
डोक्यातून जात नाही. मागच्या महापुरात बावड्यातल्या जुन्या डंकात पाणी शिरलं होतं. मालकाला मशीनची भरपाई मिळाली, बायकांच्या मिरच्या गेल्या त्या गेल्या. त्या माणसाने कसली लबाडी केली नव्हती. तरी परत कुणी त्याची पायरी चढलं नाही. शेवटी डंक मोडीत काढला.
आमचं तसं झालं तर आम्ही कुठे जायचं?

२५, मंगळ.
भावजींचा फोन. दुसऱ्यांचा मालही विम्यात घालता येतो, हप्ता थोडा वाढेल. हायसं वाटलं. पण पुढे म्हणाले, कुणाचा माल, किंमत किती, हे सहीनिशी लिहून ठेवायचं. नाहीतर भरपाई मागताना कंपनी हात वर करील.
इथे बायका पिशवीला जुन्या साडीची चिंधी बांधतात. लाल चिंधी पाटलांची, जरीची सुतारांची. संपला हिशेब. सही कोण करणार?

२७, गुरु.
शेवंताक्कांकडे गेले. गल्लीत त्यांचा शब्द मोठा. त्यांची पिशवी जिथे जाते तिथे सगळ्यांच्या जातात. नीट समजावून सांगितलं. त्या मिरच्यांची देठं काढत होत्या, हात थांबला नाही.
"म्हंजे चटणी जळंल म्हणून आत्ताच सही करून दिऊ व्हय? वर्षाचं खाणं हाय गं ते. आसलं वंगाळ लिवून कुटत्यात व्हय?"
पुराचं काढलं तर म्हणाल्या, ते नशीब होतं. आणि तो डंकवाला, मी विचारलं. त्यांनी मिरच्यांचं सूप जवळ ओढलं.
घरी येऊन मोरीत बसून रडले. कुणाला सांगू?

२९, शनि.
बँकेपुरता विमा झाला. मशीन सुरक्षित. हे म्हणतात, माल ठेवूनच घ्यायचा नाही, समोर बसून कुटून न्यायला सांगू. सीझनला दोन-दोन दिवस नंबर लागत नाही, बायका बसतील का? ह्यांनाही माहीत आहे. तरी भांडलो. माझंच तोंड जास्त सुटलं.

३०, पाडवा
नारळ फुटला. गुढी उतरवायच्या आत गाळा भरला, पाय ठेवायला जागा नाही. पहिली पिशवी आक्कांची. सह्यांसाठी आणलेली वही माझ्या मांडीखाली होती. त्यांनी ओळखलं असावं.
"तुज्या तोंडाकडं बघून ठिवलिया. कागुद काडू नगंस."
मी हसले. वही काढली नाही. हे खुशीत, पेढे वाटत होते. माझा पेढा मी कागदात गुंडाळून ठेवला.

३१, सोम.
भावजी सकाळपासून विचारताहेत, लोकांचा माल घालू का नको? सह्यांशिवाय घातला तर हप्ता पाण्यात. सह्या मागितल्या तर पिशव्या जाणार. काहीच केलं नाही तर... खिळा ठोकला तरी ठिणगी पडेल असं वाटतंय. दुपारी लाईट जाऊन आली तेव्हा धावत जाऊन मोटारीचं बटण बंद केलं. आक्का काय, सगळ्याच माझ्यावर विश्वासून माल ठेवून जातात, त्याचीच भीती वाटते.
आता भावजींना "घाला" म्हणून सांगितलं. ह्यांना कळल्यावर ताट सारून उठले. म्हणाले, आक्कांच्या दारात वही घेऊन गेलीस तर उद्या गाळा रिकामा दिसेल. खरंच दिसेल. गेल्या तर गेल्या पिशव्या, असं म्हणायची आमची ऐपत नाही.
तरी सह्यांची वही घेतली, चप्पल घातली आहे. आक्का अजून ओट्यावर बसलेल्या दिसताहेत.