कोंडा कुठं थांबतो

चुलबंदकाठ, तालुका सडक अर्जुनी
२६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
रुख्माचा पाया पडून नमस्कार.

इकडे धान कापून झालं, चुरणं बाकी आहे. हिमांशू दिवाळीला रायपूरहून येऊन गेला, आता होळीलाच येईल. तुमच्या कानांचं कसं आहे? इंद्रकुमारदादा फोन तुमच्या कानाला लावतो आणि मी काहीही विचारलं तरी तुम्ही नुसतं "हाव, हाव" करता. परवा "रागावलात का?" म्हटलं, तरी हाव. म्हणून हे पत्र. चष्मा लावून स्वतः वाचा, वहिनीकडून वाचून घेऊ नका.

दसऱ्यानंतर तुम्हाला इथे राहायलाच आणलं होतं. दोन-तीन सकाळी तुम्ही नदीवर गळ टाकून बसलात आणि मग पिशवी भरली. "पळतं पानी हाये रुख्मे, इथं मले मासाच दिसत नाही. मी आपल्या तलावावरच बरा," असं म्हणून एस.टी.त चढलात. मला फार राग आला. तलावाच्या पाळीवर सारा जन्म घालवलेला माणूस एका नदीपुढे हात टेकतो म्हणजे काय! मग तुमचा राहिलेला गळ घेऊन मीच जाऊन बसले. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसोत बापड्या.

पण मीही तुमचीच लेक. तलावावर आपण काय करायचो? खोल, संथ जागा धरायची, रोज तिथेच मूठ मूठ कोंडा टाकायचा आणि मासे जमले की गळ सोडायचा. मी तसंच केलं. मोठा डोह निवडला, आठवडाभर कोंडा टाकला. शेपटीसुद्धा दिसली नाही.

एक दिवस खालच्या घाटावरून वच्छला ओरडली. ही आमच्या शेजारची, धुणं धुवायला येते. "वो बाई, कोंडा कायले वाया घालून राहिल्या? सारा माह्या घाटावर येऊन राहिला! मासे पायाले झोंबून राहिले, मले धुनं धुवू देत नाहीत!"

खाली जाऊन पाहिलं. घाटाच्या वर दोन काळे दगड आहेत. त्यांच्यामागे पाणी उलटं फिरतं. माझा कोंडा आणि फेस तिथेच गोल गोल फिरत होता. बाबा, आपण दोघंही नदीला तलाव समजलो. तलावात टाकलेलं तिथेच राहतं. नदीत मासा कोंड्याजवळ येत नाही, कोंडाच त्याच्या दारात वाहत जातो. त्या दगडांमागे गळ टाकला आणि चांगला हातभर रोहू लागला. मी एवढी ओरडले की वच्छलाच्या हातून लुगडं सुटलं!

मागच्या आठवड्यात लग्नासाठी चिचगडकडे गेले होते. तिथली नदी मी कधी पाहिलेली नव्हती. वऱ्हाड जेवत होतं तेव्हा पुलावर जाऊन मूठभर कोंडा सोडला आणि पाहत राहिले. एका झुकलेल्या उंबराखाली तो रेंगाळला. थोड्याच वेळात तिथे पाणी हललं. नवऱ्या मुलीची मावशी म्हणाली, "हे बाई पुलावर काय करून राहिली?"

तर आता नदीत मासा दिसत नाही, ही सबब चालायची नाही. आणि ती सबबच होती, हे मला कळतं. लेकीच्या घरी बाप कायमचा राहत नाही, लोक काय म्हणतील, हे तुमच्या मनात होतं. तुम्ही ते बोलला नाहीत.

मी तरी कुठे खरं बोलले? इथून दवाखाना जवळ आहे, म्हणून या, असं तुम्हाला सांगितलं. तिकडे दादा-वहिनी तुम्हाला काही कमी पडू देत नाहीत, हे मला माहीत आहे. तो रोहू मी घरी आणला, पाट्यावर मसाला वाटला आणि मासा चिरायला बसले. हात चालेना. एका माणसासाठी एवढा मासा कुणी रांधतं का? तसाच उचलून वच्छलाला देऊन आले आणि चहा पिऊन झोपले. हिमांशूचे बाबा गेल्यापासून बहुतेक रात्री अशाच जातात. या गावात सगळे मला काकू म्हणतात, वहिनी म्हणतात. रुख्मा म्हणणारं कुणी नाही.

तुम्हाला माझी गरज नाही, बाबा. मला तुमची आहे. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. कायमचे नाही, तर उन्हाळ्यापर्यंत तरी या.

पूर्वी पत्राखाली सही करताना नावाआधी 'सौ.' लिहायची. ते गेले आणि तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून इतके दिवस तुम्हाला पत्रच लिहिलं नाही. आज काहीच लावत नाही.

तुमची,
रुख्मा