काळूराम नाखवाचा बाणाचा चाकू

मी, जीवन काळूराम नाखवा, वय वर्षे शहात्तर, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला फिटर, राहणार कोळीवाडा, पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात वजा करायला लावले. दोन्ही बरोबर आले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा असल्यामुळे कायद्याने धरू नये.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. माझ्या वडिलांचा खिशातला चाकू माझ्या अस्थींबरोबर खाडीत सोडावा, असे त्यात लिहिले होते. ते मृत्युपत्र मी आज रद्द करतो. ज्या कारणासाठी तसे लिहिले ते कारण आता उरलेले नाही. हे वाक्य लिहिताना मला किती हलके वाटते आहे ते वकिलांना कळणार नाही, पण घरच्यांना कळेल.

२. कोळीवाड्यातील राहते घर माझी पत्नी गुणाबाई हिच्या हयातीत तिचे राहील. तिच्यानंतर ते मुलगा हरेश्वर याचे. नेऱ्याची जमीनही हरेश्वरला. तिथे फार्महाऊस काढून देतो म्हणत येणाऱ्या दलालांना चहा द्यावा, जमीन देऊ नये. बँकेत जे असेल ते गुणाबाईचे. ते कशावर उडवायचे हे तिला कोणी शिकवू नये.

३. माझ्याकडचे जुने घडीचे चाकू, भिंग, बारीक ब्रश आणि तेलाची बाटली नात समृद्धी हिला देतो. हे चाकू बहुतेक मुबारकच्या भंगारातून आले. मुबारकचे दुकान पळस्प्याला आहे. बोटी तुटल्या, जुन्या खोल्या रिकाम्या झाल्या की त्याच्याकडे लोखंड येते, आणि त्यात एखादा चाकू निघाला की त्याचा फोन येतो, "जीवनभाऊ, एक नग आया है, निशाणी अजीब आहे, बघून जा." मुबारकला या चाकूंतला एक द्यायची फार इच्छा होती, पण साक्षीदाराला दिलेले बाद होते असे वकील म्हणाले. म्हणून त्याला हवा तो मी हयातीतच देऊन टाकला. त्याने नेमका चांगला उचलला.

समृद्धीसाठी सूचना. पाते मुठीला जिथे मिळते तिथे बनवणाऱ्याचा शिक्का असतो. कोणाचा कोंबडा, कोणाची चावी, कोणाचा नुसता अर्धा चंद्र. आधी तो शोधायचा, मग बोलायचे. शिक्का खोल आणि कडा झिजलेल्या असतील तर सहसा खरा. उथळ आणि कोराकरकरीत असेल तर शंका घ्यायची. चिंच आणि राख लावून चाकू कधीही घासायचा नाही. घासून चाकू चकचकीत होतो आणि शिक्का जातो, मग तो कुठला आणि कोणाचा ते कोणीच सांगू शकत नाही. तुझ्या बापाने माझे दोन चाकू असेच दिवाळीला चमकवले होते. त्याला मी माफ केले आहे, पण विसरलेलो नाही.

४. आता वडिलांचा चाकू. हे कलम लांबेल.

माझे वडील काळूराम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत हमाली करत. लढाई संपल्यावर सरकारने उरलेला माल लिलावात काढला, त्यात त्यांनी हा चाकू घेतला. एक जाड पाते, दोर सोडवायला एक सुळा, लोखंडी मूठ. नंतर ते पुन्हा मासेमारीला लागले. ओल्या हातातून मूठ निसटते म्हणून त्यांनी तिच्यावर जाळ्याचा दोरा घट्ट गुंडाळला आणि वर राळ फासली. आमच्या वाड्यात सगळेच तसे करतात. दोऱ्याच्या कडेला मात्र लोखंडावर कोरलेला एक बाण दिसत राहिला.

वाड्यातले कृष्णकांत गोदीच्या कचेरीत कारकून होते. एका चैत्रात देवीची पालखी उठायच्या वेळी वडिलांनी दांडीला हात घातला. कमरेचा चाकू कृष्णकांतांना दिसला. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हा सरकारी बाण हाय. सरकारी मालावरच असतो. काळूरामाने गोदीतून उचललाय."

वडील म्हणाले, "लिलावात घेतलाय मी. कागद होडीत भिजला."

"सगल्या चोरांचा कागद भिजलेलाच असतो," कृष्णकांत म्हणाले, आणि लोक हसले.

पंचांनी वडिलांना दांडी सोडायला सांगितली. पालखीला खांदा द्यायचा आमच्या घराचा मान गेला तो गेलाच. वडील त्यानंतर मरेपर्यंत पालखीच्या दिवशी होडी घेऊन उरणकडे जात. ते वारल्यावर आईने चाकू माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "उचल. पन बापाच्या हातची गाठ सोडू नको."

मी शिक्क्यांच्या नादाला लागलो तो या एका बाणासाठी. शिकत गेलो आणि कळले की कृष्णकांत अर्धे बरोबर होते. बाण सरकारचाच. पण सरकार माल रीतसर विकते तेव्हा पहिल्या बाणासमोर, टोकाला टोक लावून, दुसरा उलटा बाण मारते. हा माल आता सरकारचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांच्या चाकूवर मला कायम एकच बाण दिसला. दोऱ्याखाली बघावे असे कितीदा मनात आले, पण आईचा शब्द होता. आणि खरे सांगायचे तर भीती होती. दोऱ्याखाली काहीच निघाले नाही तर? त्यापेक्षा खाडी बरी, असे मी ठरवले होते.

या वर्षी चाकूच्या डब्याला उंदीर लागले. मी मुबारककडे गेलो असताना गुणाबाईने चाकू उकळत्या सोड्याच्या पाण्यात टाकला. मी परत आलो तेव्हा दोरा आणि राळ मोरीत वाहून गेली होती. मी घर डोक्यावर घेतले.

ती म्हणाली, "ओरडताव काय? वास मारत होतं मेलं! सासूने गाठ सोडू नको सांगितलं ते तुमाला. मला नाय."

मी चाकू हिसकावला आणि भिंग लावले. दुसरा बाण तिथे होता. दोऱ्याखाली झाकला गेल्यामुळे पहिल्यापेक्षा ठसठशीत, टोकाला टोक लावून. मोरीजवळच बसलो आणि रडलो. गुणाबाईला वाटले चाकू बिघडला, म्हणून तीही रडायला लागली.

माझा बाप खरे बोलत होता. मृत्युपत्रात हे कशाला, असे वकील म्हणतात. मी म्हणतो, माझ्याकडे वारशात द्यायला यापेक्षा मोठे काही नाही.

तो चाकू समृद्धीला. काचेच्या कपाटात ठेवायचा नाही. वापरायचा. मूठ निसटत असेल तर दोरा गुंडाळावा, पण बाण मोकळे ठेवून.

५. पालखीचा खांदा परत मिळावा म्हणून पंचांकडे कोणी अर्ज करू नये. त्यांनी आपण होऊन बोलावले तर हरेश्वरने अंघोळ करून जावे. नाही बोलावले तर घरी बसून बोंबील खावेत. मला दोन्ही चालेल.

६. कृष्णकांत वारले. त्यांच्यावरचा माझा राग मी या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर संपेल, किंबहुना संपलाच आहे. त्यांची मुलगी शोभा हिला मी दुसरी साक्षीदार व्हायला बोलावले. ती येईल असे वाटले नव्हते. ती आली. तिला चाकू दाखवला. ती काय म्हणते ते तिने स्वतःच्या हाताने खाली लिहावे. तिच्या तोंडी मी शब्द घालणार नाही.

७. या मृत्युपत्राची व्यवस्था गुणाबाईने पाहावी. घरात दुसऱ्या कोणाचे चालत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

जीवन काळूराम नाखवा (सही)

साक्षीदार पहिला: मुबारक इब्राहिम मुकादम, राहणार पळस्पे. सही माझ्यासमोर झाली. बाणाचा चाकू मला विकत घ्यायचा होता, भाऊंनी दिला नाही, हेही खरे. (सही)

साक्षीदार दुसरी: शोभा कृष्णकांत कोळी, राहणार कोळीवाडा, पनवेल. सही माझ्यासमोर झाली. जीवनदादांनी चाकू जमिनीवर ठेवला, भिंग दिले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी दोन बाण पाहिले. काळूरामकाकांनी चाकू चोरलेला नव्हता. माझे वडील आज असते तर त्यांनी हे लिहिले नसते, म्हणून त्यांच्या जागी मी लिहिते आणि त्यांचे नाव लावून सही करते.

शोभा कृष्णकांत कोळी (सही)

ठिकाण: पनवेल
दिनांक: १४ मार्च २०२५