कुठंच न जोडलेली फाइल

४ मे
होडीतून उतरले तेव्हा अर्धं गाव काठावर होतं. माझ्या स्वागताला नव्हे, बर्फाच्या लाद्या घ्यायला. तरी नेरेदामावशीनं मला गर्दीत बरोबर हेरलं आणि मेदेयीन शहरातली यंत्रवाली इतकी काटकुळी असेल असं वाटलं नव्हतं, असं सगळ्यांदेखत सुनावलं. मावशी इथलं नदीकाठचं रेडिओ केंद्र चालवते. मी तिची नवी नोकर, राहायला तिच्याच घरी, केंद्राच्या मागं. जेवायला तळलेला बोकाचिको मासा आणि कच्च्या केळ्याचे काप. दुसऱ्यांदा नको म्हणाले, तर मेदेयीनला उपाशी राहायचा पगार देतात का, म्हणाली. मला हे गाव आवडणार!

५ मे
केंद्राचं खरं काम गाणी वाजवणं नाही, निरोप देणं. नदीच्या वरच्या अंगाला फोन लागत नाही. तमक्यानं गुरुवारी धक्क्यावर यावं, असं रेडिओवर ऐकलं की तमका होडी काढतो, शंका घेत नाही. वर्षानुवर्षं हे निरोप मावशीच्या थोरल्या भावानं, सगळ्या गावाच्या लिबार्दोकाकानं वाचून कॉम्प्युटरवर साठवले. मार्चमध्ये तो गेला. त्याची वेदी, म्हणजे फोटो, फुलं आणि मेणबत्त्यांचं टेबल, केंद्रातच मांडली होती. नवव्या दिवशी वेदी उचलली की मेलेला घर सोडतो, पण उचलायच्या आतच वीज गेली आणि कॉम्प्युटर कोसळला. तेव्हापासून कॉम्प्युटरची डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. नवे निरोप साठत नाहीत, काकाचे जुनेच वाजतात. गेल्या आठवड्यात वरच्या गावची एक बाई सुईणीला निरोप न पोचल्यामुळे बाळंतपणात गेली. हे मी चालू देणार नाही.

६ मे
दुखणं साधं आहे. वीज अचानक गेली की डिस्कवरचं लिखाण अर्धवट राहतं. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीला अशी नासाडी दिसली की ते डिस्क वाचण्यापुरतीच उघडी ठेवतं, म्हणजे घोळ वाढत नाही. आता तिची नीट तपासणी करायची, मोडलेलं जोडायचं, झालं. मावशीचं म्हणणं, राहू दे पोरी, यंत्रानं कुलूप उगाच घातलेलं नाही, आत कोण आहे ते त्याला कळलंय. मी म्हटलं, भुतांना माझी हरकत नाही, फक्त येताना पासवर्ड घेऊन यावं. तिनं छातीवर क्रूस काढला.

७ मे
दुपारी तपासणी चालवली. मध्येच पडद्यावर प्रश्न आला, कुठंच न जोडलेली एक फाइल सापडली आहे, जोडू का? अशी फाइल कधी कधी निघते. नाव पुसलं गेलेलं, पण कुणीतरी धरून ठेवल्यामुळे जायची राहिलेली. मावशीनं माझा खांदा घट्ट धरला आणि नाही म्हण, नाही म्हण, असं दोनदा विनवलं. मी तिच्याकडे बघत 'हो' दाबलं. मला कुणी नाही म्हण म्हटलं की माझं हे असंच होतं.
डिस्क लिहायला लागली. संध्याकाळी सगळे नवे निरोप गेले. आज मी स्वतःवर भलतीच खूश आहे.

८ मे
सकाळी काकाच्या आवाजात निरोप गेला. एल्बेर नावाड्यानं खालच्या धक्क्यावर यावं, उतारू थांबला आहे. जुन्या निरोपांत शोधला, नाही. ती बेनाव फाइल मात्र कालच्यापेक्षा मोठी झाली आहे.
एल्बेर धक्क्यावर गेला. दुपारी त्याची होडी रिकामी वाहत आली. मावशीनं माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः न जेवता उठली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ मे
फाइल पुसली. परत आली. डिस्कला पुन्हा कुलूप घालायला गेले, तर नकार. कुणीतरी लिहीत आहे, म्हणे. कोण, ते विचारलं. लिहिणाऱ्यांची यादी रिकामी.
मग माइकच ओढला. हा आवाज मेलेल्याचा आहे, धक्क्यावर जाऊ नका, फक्त माझं ऐका, येसेनियाचं ऐका, असं घसा बसेपर्यंत ओरडले. काकाला शिव्याही घातल्या. त्यानंतर त्याचे दोन निरोप वाजले, एक माणूस जागचा हलला नाही. मावशीनं माझं तोंड कुरवाळलं. यापुढे तुझाच आवाज खरा, म्हणाली.
हरलास, काका.

१० मे
सकाळपासून तो गप्प. फाइल दुप्पट झाली आहे —

कॉम्प्युटरची वायर उपटली. ही माझ्या हातात आहे. त्याचा दिवा चालूच —
वहीत लिहिते आहे. इथं तुझा हात पोचत नाही, समजलं?

स्पीकर — बाई बोलते आहे —
माझा आवाज. मावशी, मी येसेनिया, खालच्या धक्क्यावर थांबले आहे, लवकर ये —
मी बोलत नाही. माझं तोंड मिटलेलं आहे.

मावशी खिडकीतून दिसते. पायऱ्या उतरते आहे, डोक्याचा रुमाल सावरत. हाक मारली. स्पीकरचा आवाज माझ्याहून मोठा —
खाली कुणाला तरी हात केला तिनं. हसते आहे.
नाही देणार. ऐकतोस का, ती मी देणार नाही. निघाले मी — मावशी, मी इथं आहे, मी इथं