न कापलेली आठ पानं

बाबा, मनीषनगराहून तुम्हाले अन् आईले जय भीम.

माह्या पुस्तकाले विद्यापीठाचा कवितेचा पुरस्कार भेटला. शाल तुमच्यासाठी ठेवली आहे. जेवण वेळेवर करून राहिली, काळजी नोका करू.

मुख्य परीक्षक माइकवर म्हणे, "शेवटच्या कवितेनं मला रडवलं!" रुमालही काढला. मंग त्याच्या प्रतीवर माही सही मागतली. उघडून पाहिलं तं बाइंडरनं चुकून न कापलेली शेवटची आठ पानं अजून जोडलेलीच! रडला म्हणे, लबाड कुठला. मी सही केली अन् पुस्तक त्याच्या हातात दिलं.

आपल्या आईले अक्षर येत नाही, तरी तिनं घरच्या प्रतीतली तीच पानं विळ्याच्या टोकानं सोडवली अन् प्रशिकभाऊकडून सगळ्या कविता वाचून घेतल्या. तिले शेवटची कशी वाटली, तेवढं लिहा. इथं कोणाले विचारू?

तुमची,
भावना