अखाजीच्या दिवशीचं कुलूप

नाना, आज महिला समुपदेशन केंद्रात एका पोरीला मी तुमच्यासारखीच रागावले. माहेर शिंदखेड्याकडचं, दिलेली इकडे पारोळ्यात. महिन्यापूर्वी तिला कोर्टाचा आदेश मिळाला आहे: नवऱ्याने हात उचलायचा नाही, घराकडे फिरकायचं नाही, आणि त्या घरात राहायचा हक्क तिचा. आता अक्षय्य तृतीया तोंडावर, तर ती लाजत लाजत विचारते, "ताई, अखाजीले दोन दिवस माहेर जाऊ का? भाऊ लेवाले येणार शे." मी असा काही आवाज चढवला की समोरच्या वकीलबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं. तिला पाणी दिलं, चहा मागवला, आणि तुमची गोष्ट सांगितली. सगळी नाही, सांगण्यासारखी होती तेवढी.

तुम्ही जन्मभर कोर्टात बेलिफ होतात. समन्स घेऊन सायकलवर गावोगाव हिंडलात, लोक तुम्हाला बघून मागच्या दाराने पळाले, कित्येकांच्या घरांचे ताबे तुमच्या हातून इकडचे तिकडे झाले. म्हणून असेल, तुमचा बोलण्यावर विश्वास कमी आणि कागदावर जास्त. माझा हात प्लास्टरमध्ये घालून मी माहेरी नरडाण्याला उतरले, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता पुन्हा सोयऱ्यांची बैठक बसणार. दोनदा बसली होतीच. दोन्ही वेळा जावयाने मान खाली घातली, सगळ्यांनी चहा घेतला, आणि तुम्हीच मला परत नेऊन सोडलंत. त्याचा राग माझ्या मनात होता, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्यांदा काका टोपी घालून तयार झाले तर तुम्ही त्यांना बसवलंत. "बैठकना कागद कोठे ऱ्हास?" बैठकीचा कागद होत नाही, एवढंच तुमचं म्हणणं, आणि दुसऱ्या दिवशी मला संरक्षण अधिकारी बाईंकडे घेऊन गेलात.

त्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांना घटनेचा अहवाल भरायचा होता आणि त्यात सगळं लिहावं लागतं. कधी मारलं, कशाने मारलं, कोणासमोर. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर. पहिल्या बाळंतपणाआधीची लाथ मी सांगितली तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात. खिडकीतून दिसत होतात, भिंतीवरची एक नोटीस वाचत उभे होतात. तासभर एकच नोटीस. आत आलात तेव्हा अधिकारी बाईंना म्हणालात, "मॅडम, पोरीले राहाना हक्क बी लिखा." पोटगी, दागिने, काही नाही, आधी घर. घर त्याच्या नावावर होतं, त्यामुळे मला ते हास्यास्पदच वाटलं होतं. पण न्यायाधीशांनी अंतरिम आदेशात तेच लिहिलं: घर कोणाच्याही नावावर असो, संसार इथे झाला आहे, बाई इथेच राहील, आणि तोवर नवऱ्याने दुसरीकडे राहावं. तो भावाकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. आदेशाची एक प्रत मला, एक पोलीस ठाण्यात, आणि एक तुम्ही झेरॉक्स काढून तुमच्या पिशवीत ठेवलीत.

मग दोन महिन्यांनी अखाजी आली. लग्न झालेली पोर अखाजीला सासरी बसली, असं आपल्याकडे कोणी ऐकलंय का? भाऊ आला, मी धाकट्याला कडेवर घेतलं, थोरल्याचं बोट धरलं, दाराला कडी घालून कुलूप लावलं आणि निघाले. घरी पोचले तर अंगणात निंबाला झोके बांधलेले, आई खापरावर मांडे टाकत होती, आणि तुम्ही ओट्यावर. मला बघून तुमचा चेहरा असा उतरला की मी वाटेतच थांबले.

"कोनी बलायं तुले?" तुम्ही विचारलंत. मग चुलीजवळून आई म्हणाली, "मी बलायं. सण शे." तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "घर सोडीसन काबरं उनी? तुनं घर तठे शे, अठे नही." सगळ्या बहिणी, भावजया, शेजारणी ऐकत होत्या. मी अजून चप्पलही काढली नव्हती. आईने पाच मांडे फडक्यात बांधून दिले आणि तुम्ही मला त्याच पावली परत एस.टी.त बसवलंत. धुळ्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. बापाने सणाच्या दिवशी उंबऱ्यावरून परत फिरवलं, हेच डोक्यात. तुम्ही एकदाही समजूत घातली नाहीत.

घराला माझ्या कुलपावर दुसरं, मोठं कुलूप होतं. मी दगड उचलला, तर तुम्ही मनगट धरलंत. "तोडानं नही." तोडलं असतं तर नवराच तक्रार करायला गेला असता, हे मला कुठे कळत होतं. तुम्ही मला ओट्यावर बसवलंत, ठाण्यात गेलात आणि हवालदाराला घेऊन आलात. हवालदार म्हणाला, "बाई स्वतःहून निघून गेल्या असं तुमचे जावई सांगतायत." तुम्ही वाद घातला नाहीत. पिशवीतला कागद काढून ती ओळ बोटाने दाखवलीत आणि तो वाचेपर्यंत बोट तिथेच ठेवलंत. शेजारची शिवणकाम करणारी चाची आपणहून पुढे आली. "ताला उसने लगाया, मैंने देखा. लिखना है तो मेरा नाम लिखो." आदेश मोडला तर जामीन सहज मिळत नाही, हे हवालदारानेच फोनवर त्याला समजावलं. अर्ध्या तासात तो किल्ली घेऊन आला, माझ्याकडे न बघता कुलूप काढलं आणि गेला.

दार उघडलं तर तुम्ही बाजूला सरलात. ताबा देताना तुम्ही नेहमी असंच करायचात म्हणे, ज्याचा हक्क त्याचा पाय आधी. "आधी तू," म्हणालात. मी आत गेले, मागून पोरं, मग तुम्ही. चाचीसकट आपण सगळ्यांनी तेच मांडे खाल्ले. आठ दिवस तुम्ही ओट्यावर झोपलात.

नाना, त्या घरात माझी दोन्ही पोरं शिकली. त्याच घरातून मी या केंद्रात जाते. तुम्ही मला माहेर दिलं असतंत तर मी भावजयीच्या हाताखाली म्हातारी झाले असते. तुम्ही घर दिलंत. हे तुम्ही जिवंत असताना तुम्हाला एकदा तरी नीट सांगायला हवं होतं.

पण त्या पोरीला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. त्या दिवसानंतर तुम्ही आईशी पावसाळा लागेपर्यंत बोलला नाहीत. पोरीचं घर घालवायला निघाली होती, असं चारचौघांत म्हणायचात, आणि आई ऐकून घ्यायची. आईने बोलावलं नव्हतं, नाना. मीच भावाला फोन करून ये म्हटलं होतं, कारण मला झोक्यावर बसायचं होतं. आई अजून आहे, अजून गप्प आहे. हा कागद निदान तिला तरी वाचून दाखवावा म्हणून दोनदा उठले, आणि दोन्ही वेळा परत येऊन बसले.