भोंगा वाजला की चहा

९ जून, सोमवार
झालं एकदाचं उद्घाटन! आपत्ती कक्षात भिंतभर स्क्रीन लागला. नाव 'एकसूत्र'. फायर ब्रिगेड, पोलीस, हॉस्पिटलं, तळोज्यातल्या कंपन्या — सगळ्यांची माहिती आता म्हणे एकाच नकाशावर दिसणार. मोठ्या साहेबांनी नारळ फोडला, पाणी थेट एक्स्टेन्शन बोर्डात. स्क्रीन काळाठिक्कर! पहिली आपत्ती आमच्याच कक्षात, आणि फोन कुणाला करायचा ते कुणालाच माहीत नाही. शेवटी शिपाई खालून वायरमन घेऊन आला.

१२ जून
बैठक. आमचे राजवर्धन सर माझ्याहून लहान, नुकतेच आलेत, अंगात उत्साह मावत नाही. "आपापली माहिती सगळ्यांना दिसू दे!"
फायरचे धनाजीराव — "आमच्या गाड्या कुठे उभ्या आहेत ते पोलिसांनी कशाला बघायचं?"
पोलीस — "मग आमच्या तरी तुम्ही का बघायच्या?"
हॉस्पिटलच्या डॉक्टर ज्ञानेश्वरी म्हणाल्या, रिकामे बेड रोज बदलतात. सर म्हणाले, "म्हणूनच रोज भरा." बाई अशा बघत राहिल्या, जणू सरांनी किडनी मागितली! एकमत झालं ते फक्त समोशांवर.

२० जून
पहिला सराव. आमचा तळोज्याचा सेक्टरच निवडला. सगळ्यांच्या मोबाइलवर कर्कश भोंगा, मग मेसेज — 'सराव. वायुगळती. मैदानात जमा.' सोसायटी खाली उतरली, सेल्फी काढले, चेअरमन गोटीरामने भाषण ठोकलं.
संध्याकाळी घरी मी सरांची नक्कल करून दाखवली. हात वर, चष्मा नाकावर — "नागरिकहो, घाबरू नका!" नवऱ्याला, जयप्रकाशला, ठसका लागला. सासूबाई तर हसून हसून लोळल्या. समोरच्या वेणूबाई पण होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "परत वाजला तर उतरायचं का गं?"
म्हटलं, "कशाला? गुडघे दुखतात ना तुमचे! भोंगा वाजला की चहा टाका. सर येतील प्यायला."

२७ जून
पुन्हा सराव. आमच्या मजल्यावरून कुणी उतरलं नाही. चहा मात्र झाला!

८ जुलै
दुपारी गळती. खरी. एमआयडीसीतल्या एका कंपनीत व्हॉल्व्ह फुटला.
आणि 'एकसूत्र' चाललं! वारा कुठला, रस्ता कुठला बंद, गाड्या कुठे — सगळं भिंतीवर. धनाजीराव आणि पोलीस एकमेकांना काही विचारतच नव्हते, दिसतच होतं. बेडचा आकडा सकाळीच भरलेला. सर महिनाभर हॉस्पिटलात जाऊन डोकं खात होते, त्याचं हे फळ!
बिल्डिंग रिकामी झाली की नकाशावर हिरवी. भराभर हिरव्या होत होत्या. एक लाल. आमची. खाली गोटीरामचा मेसेज — 'चौथा मजला उतरत नाही. सराव आहे म्हणतात.'
घरी फोन लावला. सासूबाई हसत होत्या. "आगं, भोंगा वाजला तवाच चहा टाकला न्हवं! वेणूबाईबी हितंच हाय. तिला लई खोकला आलाय, म्हनून खिडकी उघडलीया."
ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सगळा कक्ष वळून बघत होता.
धनाजीरावांच्या माणसांनी मास्क लावून दोघींना खाली आणलं. वेणूबाईंना उचलून.

१० जुलै
सासूबाईंचा ऑक्सिजन काढला. वेणूबाई आयसीयूत. त्यांचा शिवतेज आमच्या वॉर्डात आला, माझे दोन्ही हात धरले. "वैशालीताई, तुम्ही फोन केलात म्हणून आई बाहेर तरी निघाली."
सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे वळवलं.
मी हात सोडवून घेतले नाहीत.

११ जुलै
अहवाल! सगळ्या खात्यांनी आपापली पाठ थोपटून घेतली. बेडच्या आकड्यावरून रडणाऱ्या डॉक्टरबाईंचा फोटो सगळ्यात मोठा. आणि शेवटच्या परिच्छेदात मी — 'कक्षातील कर्मचाऱ्याचे प्रसंगावधान'. सोमवारी माझा सत्कार. शाल, श्रीफळ. नारळ बोर्डापासून लांब ठेवा म्हणावं!
सर अगदी मनापासून खूश. "मॅडम, सिस्टीम म्हणजे शेवटी तुमच्यासारखी माणसं."
नक्कल करायला सोपं वाक्य. घरी आल्यावर तोंड उघडलं. जमलं नाही.

१३ जुलै, रविवार
वेणूबाई सकाळी गेल्या.
सरांचा फोन — "वाईट वाटतं, पण निमंत्रणं गेलीत. सत्कार उद्याच करू या ना?"
मी हो म्हणाले.