तास भरल्यावर

१८ ऑक्टो. १९८८, झरी

विहिरीवरच्या इंजिनाचे तास आज भरले. इंजिनाच्या खोलीत भिंतीवर चाललेल्या तासांच्या खडूने रेघा मारत असतो, त्या शेवटाला आल्या. नियमाप्रमाणे आज रिंगा आणि नोझल बदलायचं. नवा माल पावसाळ्याआधीच परभणीहून आणलेला, कपाटात पुडक्यात आहे.

बदललं नाही. कारण काही नाही. नटबोल्टचे पाने काढले, पुसले, परत फडक्यात गुंडाळले.

दादा बांधावरून म्हणाला, "आज खोलणार व्हतास ना?"

"बघू."

हवाई दलातून घरी आल्यापासून तास भरल्यावर मी कधी 'बघू' म्हटलेलं नाही. दादा बैलांकडे गेला.

२० ऑक्टो. दसरा

घरात वर्षभर सण नाही. सोनं द्यायला आलेल्या बायकांना शां. ने दारातूनच परत पाठवलं. खंडेनवमीला दरवर्षी माझे पाने पाटावर मांडायचो, हळदकुंकू, झेंडू. हँगरमधली सवय. यंदा फडकं सोडलंच नाही.

संध्याकाळी विहिरीवर गेलो तर इंजिनाला झेंडूची माळ. दादाचं काम. म्हणाला, "त्याला कशाचं सुतक?" पट्ट्यात अडकेल म्हणून माळ काढून खिळ्याला टांगली. इं. चालू. आवाज ठीक.

२३ ऑक्टो.

आषाढात जे साहेब सुधीरला घेऊन आले (सुधीर म्हणजे पेटी, उघडू दिली नाही), त्यांचं एक वाक्य डोक्यात अडकून बसलंय. जाताना जीपपाशी म्हणाले, हिंदीत, अगदी हळू आवाजात: चौकशी चालू आहे, आत्ताच काही सांगता येत नाही, पण मुलगा नवा होता.

मुलगा नवा होता. इंजिन किती जुनं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सगळी नोकरी फायटरची इंजिनं खोलण्यात गेली आणि पोटच्या पोराच्या इंजिनाचे तास विचारायचं सुचलं नाही. सॅल्यूट केला आणि घरात आलो.

सुधीर उडवत होता त्या विमानाला इंजिन एकच. एक तर ते बंद पडलं, नाहीतर सुधीरचं चुकलं. तिसरं मला काही दिसत नाही. इंजिन असावं, असं वाटतं. त्यापलीकडे काही वाटत नाही. बसून बसून पायाला मुंग्या आल्या की पाय आपला राहत नाही, तसं सगळं अंग.

२९ ऑक्टो.

आज किसनच्या विहिरीवर जाऊन आलो.

माझी पद्धत गावात पहिल्यापासून चेष्टेची. फायटरच्या इंजिनात भागा-भागाला लाइफ, म्हणजे किती तास वापरायचा ते, लिहून दिलेलं असतं. तास भरले की काढायचा. चांगला दिसू दे, चांगला चालू दे, काढायचा. वर गेल्यावर 'थांब, खोलून बघू' म्हणायला बांध नसतो. तीच सवय घेऊन झरीत आलो. मी काढलेला माल दादा फेकू देत नाही, शेजारपाजारी वाटतो. लोक त्याला 'सार्जंटची उतरन' म्हणतात. अर्ध्या शिवाराची इंजिनं माझ्या उतरनीवर चालतात.

किसनला विचारलं, "हे नोझल मी दिलेलंच का रे अजून?"

"तवाचंच की. हात लावला न्हाई. तुमची मेहेरबानी हाय, काका."

बसून ऐकलं. ठोका साफ. किती वर्षं झाली त्याचे तास भरून. मला राग आला. कुणाचा आला ते काही समजलं नाही. किसनने चहा आणायला पोरगी पाठवली, तोवर निघून आलो. वाईट दिसलं असणार.

३० ऑक्टो.

इं. चालू.

९ नोव्हें. दिवाळी

दिवा नाही. शां. ने पाणी तापवलं, आंघोळ केली, एवढंच.

गेल्या दिवाळीला सुधीर रजेवर होता. याच ओट्यावर पाय सोडून बसला आणि म्हणाला, "अप्पा, खरं सांगा. मी महाग का इंजिन?" मी म्हणालो, इंजिन. तू पगारावर आहेस, ते परदेशी चलनावर. लय हसला. आत जाऊन आईला, शां. लाही, सांगून आला. दादाने विचारलं, एका इंजिनाच्या पैशात आपली झरी बागायत व्हईल काय? मी म्हणालो, झरी होऊन वर आजूबाजूची चार गावं. तेव्हा मजा वाटली होती सांगायला.

महाग म्हणून नवं पटकन मिळत नाही. ओव्हरहॉलला गेलेलं लवकर परत येत नाही. तोवर विमान शेडमध्ये उभं, आणि विमानं उभी राहिली तर पोरं शिकणार कशावर? मग तास भरलेल्यातलं एखादं इंजिन उघडतात, त्याची पाती तपासतात, ठीक निघाली की त्या खेपेतल्या सगळ्यांना वाढीव तास. शितावरून भाताची परीक्षा. हे चोरून होत नाही, नियमात बसतं. करणारी माणसंही शहाणीसुरती, मी त्यांच्यात राहिलोय. सुधीरचं इंजिन त्या शितातलं होतं का भातातलं, कुणाला विचारू.

१७ नोव्हें.

गहू पेरून झाला. दादाचा आज आवाज चढला.

"माधव, ऐन पाण्याच्या टायमाला हे बसलं तर माज्या गव्हाचं काय? पुडकं आनून कपाटात पडलंय. लावायला काय धाड भरली तुला?"

"चालतंय ना."

बोललो आणि माझंच मला ऐकू आलं. हे वाक्य माझं नाही. हे गावाचं वाक्य. आजवर हे ऐकलं की मी तासभर भाषण द्यायचो.  दादा म्हणाला, "बरं, चालू दे," आणि खांद्यावरचं उपरणं झटकून गेला. माझ्यापेक्षा मोठा आहे, पण हल्ली मला भ्यायला लागलाय.

२४ नोव्हें. परभणी

डिझेलसाठी गेलो. नामांतराचा मोर्चा, निम्मा बाजार बंद, पोलीस. युसुफभाईंनी स्पेअर पार्टच्या दुकानाचं एक फळकूट उघडं ठेवलेलं. दरवर्षी मी नवं घ्यायला गेलो की ते हसतात.

"क्या सार्जंटसाब, इस साल माल लगाये नै बोलते? लाइफ बढ़ा दिये क्या?"

हा शब्द त्यांना मीच शिकवलेला. बोलून गेले, मग त्यांना सुधीर आठवला. मान खाली घातली. चहा मागवला, त्यात साखर जास्त होती. डिझेलच्या डब्याला हात लावून मला भाड्याच्या जीपपर्यंत सोडायला आले, एवढ्या गर्दीत. माणूस भला आहे. 

३ डिसें.

आज इं. खोकलं.

गव्हाला पहिलं पाणी चालू होतं. मी चिंचेखाली. ठोका चुकला, काळा धूर, पाणी बारीक झालं. उठून उभा राहिलो. मला आनंद झाला. आनंदच होता, दुसरं नाव देता येत नाही. आषाढापासून पहिल्यांदा अंगात काही हललं. म्हटलं, गेलं, रिंगा गेल्या, तास म्हणजे तासच असतात, आता कुणीही येऊन बघावं.

खोललं तर फिल्टरमध्ये गाळ. डब्याच्या तळचं डिझेल ओतलं गेलं होतं. फिल्टर धुतला, हवा काढली, हँडल मारलं. पहिल्या झटक्यात चालू.

दादा खूश. म्हणाला, "तुज्या हाताला गुन हाय." घरी येऊन जेवलो नाही. 

११ डिसें.

सुधीरच्या स्क्वाड्रनमधला नायर आला. केरळचा पोरगा, सुधीरच्याच बॅचचा. रजेवर घरी जाताना वाट वाकडी करून झरीला उतरला. आधी काही कळवलं नव्हतं. दारात उभा, हातात सफरचंदांची पिशवी.

शां. ने त्याला बसवलं. "बैठो बेटा, हातपाव धो लेव, भौत दूर से आया ना." तिचं हिंदी परभणीचं, त्याचं केरळचं, तरी दोघांचं छान जमलं. सुधीर मेसमध्ये शेंगदाण्याची चटणी कुणाला देत नसे, लपवून ठेवायचा, हे त्याने सांगितलं. शां. हसली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्याला काहीतरी सांगायचंय. मला ऐकायचंय. दोघांनी दिवसभर हवापाण्यावर गप्पा मारल्या.

१२ डिसें.

मोर्चामुळे एस.टी. बंद, नायर अडकला. त्याला विहिरीवर नेलं. इं. चालू होतं. आवाजामुळे जवळ बसावं लागतं, ते बरं पडलं.

विचारलं. "इंजिनाचं लाइफ?"

म्हणाला, लाइफमध्ये होतं, अंकल. एकदा वाढवून दिलेलं होतं, पण वाढवलेल्यातलेही बरेच तास शिल्लक होते.

मग आपणहून बोलत गेला. टेकऑफ होता. नायर मागच्या विमानात बसून आपल्या पाळीची वाट बघत होता. टॉवरवाला म्हणतो, सुधीरने विमानाचं नाक जास्त वर घेतलं. नायरला वाटलं, त्याआधी आवाज बदलला. "वाटलं म्हणतो, अंकल. शपथेवरही एवढंच सांगितलं, की वाटलं." उडी मारण्याइतकी उंची नव्हती. सापडले ते तुकडे तपासायला गेलेत. निकाल यायला वेळ लागेल, आणि नक्की कारण सापडलं नाही, असाही येईल.

पोरगा रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवलाय हे डोळ्यांना दिसत होतं.

मी विचारलं, "तू अजून तेच उडवतोस?"

"हो."

"बरं."



१४ डिसें.

नायर काल गेला. शां. ने पिशवीत चटणी घालून दिली.

आज तिला सगळं सांगितलं. तव्यासमोर बसली होती. शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "म्हंजे तास व्हते अजून."

"होते."

"मग?"

मग म्हणजे काय ते मला माहीत आहे. तास असलेलं इंजिनही बंद पडतं. लिहिलेलं लाइफ म्हणजे लिहिणाऱ्याचा अदमास. हे मी पोरांना शिकवायचो. पण तिला ते सांगितलं नाही. कारण मग तास नसलेलं चालतही राहतं, हेही आलंच. तोवर भाकरी करपली. तिने तीच वाढली, मी तीच खाल्ली.

२१ डिसें.

इं. चालू.

२६ डिसें.

दादाने आज पुडकं स्वतः लावायचं ठरवलं. पाने घेऊन विहिरीवर गेला, इंजिनाभोवती फिरला, कुठून सुरू करायचं कळेना, परत आला. पाने जसे गुंडाळलेले होते तसेच आणून ठेवले. मी ओट्यावर होतो. "लय थंडी पडायलीय," म्हणाला. हो म्हटलं.

२ जाने. १९८९

गव्हाला पाणी. ओंब्या निसवायला लागल्यात. आता इंजिन बसलं तर दादाचं वर्ष गेलं. हे मला समजतं. समजूनही चिंचेखाली बसलो होतो, कान तिकडे.

दुपारी शां. आली. आषाढापासून शेताकडे फिरकली नव्हती. डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, हातात पिशवी. आधी खोलीत गेली. इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवून उभी राहिली, बैलाच्या अंगावर ठेवतात तसा. मग बाहेर आली.

"चांगलं चालू हाय की."

"हो."

"तास भरून किती दिवस झाले?"

"झाले बरेच."

"अवो, मला समदं कळायलंय. हे बंद पडावं म्हनून बसायलाव तुमी रोज. बंद पडलं म्हंजे आपल्या सुदीरचं काही चुकलं न्हाई, असंच ना?"

मी मान हलवली. इतक्या दिवसांत मी ते स्वतःशीही इतकं सरळ बोललो नव्हतो.

"आन न्हाई पडलं तर?"

पाटात पाणी भरून वाहत होतं. पलीकडे दादा वाकून वाफ्यांची दारं मोडत, पाणी फिरवत होता. त्याने आमच्याकडे बघितलं, आणि न बघितल्यासारखं करून दुसऱ्या वाफ्यात गेला.

शां. ने पिशवीतून पुडकं काढलं, रिंगा आणि नोझल. कपाटातून घेऊन आली होती. मला वाटलं आता म्हणेल, उठा, बदला, भाऊजींच्या गव्हाचा तरी विचार करा. म्हणाली असती तर मी उठलो असतो. बहुतेक उठलो असतो.

पुडकं आमच्या दोघांच्या मध्ये मातीवर ठेवलं.

"सरका जरा तिकडं," म्हणाली. "मीबी बसते."

बसली. इं. चालू होतं. दोघं ऐकत होतो.